अंगणातील पाण्याची वाट : कांजूर परिसरातील निचऱ्याचा इतिहास

राज्यांची स्थित्यंतरे, तह, महसुलाच्या पद्धती आणि व्यापाराचे मार्ग यांचा अभ्यास साष्टीच्या इतिहासात पुष्कळ झाला आहे. परंतु घराच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जात असे, ती वाट कोणाच्या जमिनीतून जाई, आणि ती बुजली असता तक्रार कोणाकडे करावयाची, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हा विषय गवंडी, गृहिणी आणि नगरपालिकेचा मुकादम यांचा आहे, अशी समजूत त्याच्या मुळाशी असावी. वस्तुतः अंगणातील पाणी अंगणापुरते नसते. ते वरच्या जमिनीवरून येते व खालच्या जमिनीवर जाते. म्हणून त्याचा इतिहास हा शेजारधर्माचा, कायद्याचा आणि सार्वजनिक बांधकामांचाही इतिहास ठरतो. कांजूरमार्गच्या परिसरात ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते.

१

कांजूर हे मूळ गावाचे नाव. त्याच्या पश्चिमेस पवई-भांडूपच्या बाजूच्या टेकड्या व पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. या दोहोंमधील पट्टी अरुंद असून तिचा उतार सर्वसाधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. टेकडीच्या पायथ्याशी ज्वालामुखीजन्य खडकावर मुरमाचा थर आहे. खाडीकडे जावे तसतशी जमीन चिकण व खारी होत जाते आणि अखेरीस खाजण, मिठागर व तिवरांचे रान लागते. मुंबईच्या उपनगरांत वर्षाकाठी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एवढे पाणी थोड्या अंतरात टेकडीवरून खाडीस पोचावयाचे, आणि तेही खाडीत भरती नसेल तेव्हाच, ही या भूमीची मूळ अट आहे.

या भागातील वस्ती जुनी आहे. भांडूप येथे सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ मधील आहे. त्यात षट्षष्टी विषयातील, म्हणजे साष्टीतील, नौर गावाचे शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. नौर म्हणजे भांडूपला लागून असलेले नाहूर, असे अभ्यासक मानतात. दानपत्रात शेताच्या सीमा सांगितल्या आहेत. सीमा सांगणे म्हणजे जमीन कोणाची ते ठरविणे. परंतु पावसाचे पाणी ताम्रपटातील सीमा ओळखत नाही. मालकीची रेघ एक आणि पाण्याची रेघ दुसरी, हा विरोध या प्रदेशाच्या इतिहासात पुढेही पुनःपुन्हा दिसतो.

२

कोकणातील जुन्या घराची बांधणी पाहिली म्हणजे निचऱ्याचा विचार तीत किती खोलवर होता हे ध्यानात येते. घराचे जोते भोवतालच्या जमिनीहून उंच ठेवीत. छपराच्या वळचणी भिंतीच्या बऱ्याच बाहेर काढीत, जेणेकरून पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी न पडता दूर पडावे. पागोळ्या जेथे पडत तेथे चर पडे. त्या चरातच दगड बसवून त्याची नाली करीत. अंगण मुरूम घालून चोपलेले असे आणि त्यास घरापासून बाहेरच्या बाजूस किंचित उतार असे. पावसाळा संपल्यावर अंगण पुन्हा खणून, भिजवून, चोपून व सारवून घेण्याची चाल होती. ही चाल केवळ स्वच्छतेची नव्हे. चार महिन्यांच्या धारांनी जो उतार बिघडला तो दरसाल नव्याने साधण्याची ती युक्ती होती.

परसातील पाण्याची व्यवस्था वेगळी असे. न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी मोरीतून परसात सोडीत आणि त्याच्या वाटेवर अळू, केळी, कर्दळ किंवा नारळ लावीत. या झाडांना पाणी फार लागते. म्हणून घरचे सांडपाणी तेथेच जिरे व शेजाऱ्याच्या दारी जात नसे. पावसाचे पाणी व सांडपाणी यांच्या वाटा अलग ठेवण्याचे जे तत्त्व पुढे नगर-अभियांत्रिकीने स्वीकारले, त्याचे घरगुती रूप या परसात दिसते.

ही व्यवस्था चालावयाची तर दोन गोष्टी अवश्य होत्या. घरांमध्ये अंतर हवे, आणि अंगणाबाहेर पाण्यास पुढे जावयास मोकळा वहाळ हवा. या दोन्ही गोष्टी एका घरमालकाच्या हातात नसतात.

३

शेजाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न प्राचीन धर्मशास्त्रकारांनीही हाताळला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या बांधणीचे नियम आहेत. तेथे पाण्याची नाली शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठराविक अंतरावर ठेवण्याचे बंधन सांगून उल्लंघनास दंड सांगितला आहे. दुसऱ्या अधिकरणात नागरिकाच्या, म्हणजे नगराधिकाऱ्याच्या, कर्तव्यांच्या प्रसंगाने रस्त्यात चिखलपाणी अडविणाऱ्यास पाव पण दंड आहे, आणि राजमार्गावर असे केल्यास दंड दुप्पट आहे. रा. प. कंगले यांनी संपादित केलेली या ग्रंथाची संहिता मुंबई विद्यापीठाने १९६० साली प्रसिद्ध केली, त्यामुळे ही स्थळे अभ्यासकांस सहज उपलब्ध झाली.

कात्यायनाची वचने याहून सूक्ष्म आहेत. मूळ स्मृती लुप्त झाली असली तरी निबंधग्रंथांत विखुरलेली तिची व्यवहारविषयक वचने पां. वा. काणे यांनी १९३३ साली एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांतील आशय असा की, घराची खिडकी, जाण्यायेण्याची वाट, पाणी बाहेर जाण्याची प्रणाली यांस शेजाऱ्याने अडथळा करू नये. त्याचबरोबर वस्ती झाल्यानंतर अशा गोष्टी शेजाऱ्यास उपद्रव होईल अशा रीतीने नव्याने निर्माण करू नयेत. सांडपाण्याचा खड्डा शेजाऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नी, म्हणजे सुमारे तीन फूट, दूर असावा. जुनी वाट राखावी व नवी लादू नये, असा दुहेरी न्याय येथे आहे. खालच्या घराने वरच्याचे पाणी सोसावे, पण वरच्या घराने आपल्या सोयीसाठी त्या पाण्याचा मारा वाढवू नये, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

इंग्रजी अमदानीत हाच प्रश्न १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आला. हा कायदा मुंबई इलाख्यास १८९१ साली लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाच्या उदाहरणांत असे सांगितले आहे की, वरच्या जमिनीवर उगम पावलेले किंवा पडलेले आणि निश्चित प्रवाहातून न वाहणारे पाणी खालच्या लगतच्या जमिनीवर नैसर्गिक रीतीने वाहू देण्याचा हक्क वरच्या जमिनीच्या मालकास आहे. यातील ‘नैसर्गिक रीतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. छपराचे, फरसबंद अंगणाचे व भराव घातलेल्या आवाराचे पाणी एका नळाने गोळा करून शेजाऱ्याच्या दारी सोडणे हे त्या शब्दांत बसत नाही. कात्यायनाचा न्याय व हा कायदा यांत सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे, पण दोहोंचा रोख एकच आहे.

४

अंगणाबाहेर पाण्याचे पुढे काय होत असे, हे खाजणाच्या इतिहासावरून कळते. ठाणे, कुलाबा व गोवा या किनारी प्रदेशांत खाडीलगतची खारी जमीन बांध घालून भातास आणण्याची पद्धत फार जुनी आहे. या बांधांत ठिकठिकाणी लाकडी दरवाजे बसवीत. भरतीचे पाणी आत येऊ लागले की त्याच्या दाबानेच दरवाजा मिटे आणि ओहोटीला आतील पावसाचे पाणी त्यास ढकलून बाहेर पडे. कोकणात अशा दरवाजास उघाडी म्हणतात व गोव्यात मानस म्हणतात. पेणच्या बाजूस शिलोत्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खारभूमीत बांध राखण्याची जबाबदारी ठरवून दिलेली असे व तिच्या मोबदल्यात धान्याचा हिस्सा मिळे. गोव्यातही ही जबाबदारी गावकीची होती. बांध फुटला तर एकाचे शेत बुडत नसे, सर्वांचे बुडे. म्हणून त्याची राखण एकट्यावर सोडलेली नव्हती. स्वातंत्र्योत्तर काळात ही जबाबदारी मुख्यतः सरकारकडे आली. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा हे त्या वाटेवरील टप्पे होत.

कांजूरच्या पूर्वेस खाडीकाठी मिठागरे होती. मीठ पिकविण्याचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो. पावसाळ्यात आगर रिकामे असते व त्याच्या कोंड्यांत पाऊस साठतो. ओहोटी येईपर्यंत टेकडीवरून आलेल्या पाण्यास थांबावयास ती जागा मिळे. मिठागर हे मिठासाठी केलेले असले तरी पाणलोटाच्या दृष्टीने ते गावाचे विस्तीर्ण अंगणच होते. गावातील अंगणे कोरडी राहण्यास हे बाहेरचे ओले अंगण कारणीभूत होते, ही गोष्ट ते आटू लागल्यावरच ध्यानात येते.

या रचनेत पहिला मोठा बदल लोहमार्गाने झाला. मुंबई सरकारचे अभियंते जॉर्ज क्लार्क यांस मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना १८४३ साली भांडूप येथे आले असता सुचली, असे सांगितले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. हा मार्ग कांजूरच्या भूमीतून दक्षिणोत्तर जातो, आणि पाणी मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. रुळांसाठी घातलेला भराव हा पाण्याच्या दृष्टीने आडवा बांधच ठरला. त्यात मोऱ्या ठेविल्या होत्या हे खरे. परंतु जे पाणी पूर्वी अनेक लहान वाटांनी जात असे ते आता मोजक्या मोऱ्यांतून जाऊ लागले. पश्चिमेस आग्रा रस्ता, म्हणजे पुढचा लालबहादूर शास्त्री मार्ग, व पूर्वेस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पूर्व द्रुतगती मार्ग यांनी असेच आणखी दोन आडवे बांध घातले. टेकडीवरील थेंबास खाडी गाठण्यासाठी तीन भराव ओलांडावे लागू लागले. या तिहींपैकी एकाही मोरीत गाळ साचला तर तिच्या वरच्या अंगाची अंगणे तुंबतात. मोरी एका खात्याची, नाला दुसऱ्याचा आणि अंगण तिसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे.

५

मुंबई शहराने निचऱ्याचा प्रश्न उपनगरांच्या पुष्कळ आधी हाती घेतला होता. कार्यकारी अभियंता हेक्टर टुलक यांनी १८७२ च्या सुमारास शहराच्या मलजलनिचऱ्याचा विस्तृत विचार मांडला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने प्रत्येक घराच्या निचऱ्याची जबाबदारी स्पष्ट केली. पालिकेची गटारे शंभर फुटांच्या आत असतील तर घरमालकास आपले आवार त्यास जोडावयास लावता येई. ती नसतील तर पाणी निराळ्या खड्ड्यात सोडण्याची व्यवस्था करावयास लावता येई. १८९६ च्या प्लेगानंतर या कलमांस नवे महत्त्व आले व १८९८ साली नगरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने शहरातील हिवतापाचा संबंध घरोघरच्या विहिरींशी जोडला. घराच्या आवारातील पाणी ही खाजगी बाब उरली नाही, ते सार्वजनिक आरोग्याचे कारण ठरले.

कांजूरचा भाग मात्र तोपर्यंत शहराच्या बाहेरच होता. १९५० साली महानगरपालिकेची हद्द पूर्वेकडे भांडूपपर्यंत व १९५७ साली मुलुंडपर्यंत वाढली. कायदा आला, पण कायद्यातील शंभर फुटांचे अंतर ज्या गटारापासून मोजावयाचे ते गटार बऱ्याच ठिकाणी नंतर आले. दरम्यान कारखाने, कामगारवस्त्या व गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. मुरमाचे अंगण जाऊन फरशी आली. जे पाणी पूर्वी अर्धेमुर्धे जिरत असे ते सबंध वाहू लागले. हा फरक पुढे अभियंत्यांच्या हिशेबातही उतरला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातील निम्मे पाणी वाहून जाईल असे धरून योजिलेल्या होत्या. १९९३ मध्ये तयार झालेल्या बृहन्मुंबई पर्जन्यजल-निचरा आराखड्यात ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरण्यात आला, आणि पडलेले सर्वच पाणी वाहील असे गृहीत धरले गेले. जिरण्यासाठी जमीन उरली नाही, याची ती अधिकृत कबुलीच होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुराची चौकशी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. नाल्यांवरील अतिक्रमणे, गाळ, भरतीच्या वेळी बंद होणारी मुखे व पाणी साठविणाऱ्या सखल जमिनींचा ऱ्हास ही कारणे त्यानंतर सर्वमुखी झाली. पुढे २०२० ते २०२२ या काळात कांजूरच्या खाजणपट्टीतील जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी घेण्यावरून वाद झाला व प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेथे मुख्य प्रश्न जमीन राज्याची की केंद्राची हा होता. पाणी कोठे जाणार हा प्रश्न त्या मालकीच्या वादात मागे पडला. ताम्रपटातील चतुःसीमांच्या संदर्भात जो विरोध वर सांगितला, तोच येथे हजार वर्षांनी पुन्हा दिसतो.

६

पुरानंतर घरमालक सामान्यतः एकच उपाय योजतो. तो आपले आवार भर घालून उंच करतो. रस्ताही प्रत्येक डांबरीकरणाबरोबर थोडा वर येतो. अशा रीतीने भोवतालची जमीन चढत गेली म्हणजे गावठाणातील जुनी घरे, त्यांचे जोते एके काळी कितीही उंच असले तरी, खड्ड्यात जातात. ज्याने आधी घर बांधले त्याच्याच दारी पाणी उभे राहते. उंच करणाऱ्याने आपल्या अंगणाचा प्रश्न सोडविला असे दिसते. खरे पाहता त्याने तो शेजाऱ्याकडे सरकविलेला असतो. कात्यायनाने ज्या नव्या उपद्रवाचा निषेध केला तो हाच.

उपायांचा शास्त्रीय विचारही इतिहासाने दिलेला आहे. इंग्लंडात जोसेफ एल्किंग्टन या शेतकऱ्याने जमिनीखालील झऱ्यांचे पाणी मोकळे करून पाणथळ शेते सुधारली व १७९५ साली पार्लमेंटने त्यास एक हजार पौंड मंजूर केले. अमेरिकेत हेन्री फ्रेंच यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात खडीने भरलेल्या चरांची माहिती लोकप्रिय केली. पुढे अशा चरास त्यांचेच नाव पडले. मुंबई इलाख्यात दख्खनच्या कालव्यांखालील जमिनी पाणथळ व चोपण होऊ लागल्या तेव्हा १९१६ साली एक खास पाटबंधारे विभाग स्थापन झाला. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ही त्याचीच वाढ होय. या सर्व प्रयत्नांतून निघालेला धडा एकच आहे : पाणी कोठून येते हे आधी शोधावे, मग ते कोठे न्यावयाचे हे ठरवावे, आणि चर त्यानंतर खणावा.

कांजूरच्या भूमीस हा धडा लावला असता दोन भिन्न उत्तरे मिळतात. लोहमार्गाच्या पश्चिमेस, टेकडीच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत, वरून येणारे पाणी आवाराच्या वरच्या कडेस आडवा चर घालून वळविता येते व शोषखड्ड्यात काही अंशी जिरविता येते. पूर्वेकडील चिकण, सखल जमिनीत मात्र पावसाळ्यात भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते. तेथे शोषखड्डा जुलैत स्वतःच भरून राहतो व त्यावर केलेला खर्च वाया जातो. तेथे जोत्यापासून बाहेर उतार राखणे, नालीत गाळ अडविणारी कुंडी ठेवून ती पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात उपसणे, छपराचे पाणी सांडपाण्याच्या गटारात न सोडणे, आणि आवाराबाहेरच्या मोरीचे तोंड मोकळे आहे की नाही हे पाहणे, एवढेच उपाय खरोखर उपयोगी पडतात. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक आहे, आणि तोच एकट्या घरमालकाच्या हातातला नाही.

येथवरच्या विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. कांजूरच्या जुन्या अंगणाचा निचरा चांगला होत असे तो केवळ गवंड्याच्या कौशल्याने नव्हे. अंगणाबाहेर वहाळ मोकळा होता, वहाळापलीकडे आगर रिकामे होते, आणि आगराच्या बांधावरील उघाडीची चिंता कोणीतरी वाहत होता. यांतील प्रत्येक दुव्यास एक धनी होता व त्यास आपले काम ठाऊक होते. नव्या व्यवस्थेत साधने अधिक आहेत, कायदे अधिक स्पष्ट आहेत आणि मोजमापे अधिक अचूक आहेत. परंतु अंगणापासून खाडीपर्यंतच्या सबंध वाटेचा धनी कोण, या प्रश्नास खाजणाच्या गावकीपाशी उत्तर होते. पुढच्या काळात ते अनेक खात्यांत वाटले गेले. ज्या घराच्या उंबऱ्यास दर जुलैत पाणी लागते, त्या घरास या इतिहासाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.